इत्तिहाद रोडवरचं काव्यशास्त्र

मास्तरांचा नियम असा होता की घडलेल्या गोष्टीवर वर्षभर काही लिहायचं नाही. परवा ते वर्ष संपलं. मी ते कसं काढलं ते माझं मला माहीत, कारण पोटात गोष्ट ठेवणं हा माझा स्वभाव नाही. भाजी चांगली झाली तर गॅस बंद करायच्या आधी मी बहिणीला फोन लावते. पण ही गोष्ट मास्तरांची आहे आणि ती मास्तरांच्या नियमाने सांगायची, एवढं मी ठरवलं होतं. आता मला कोणी अडवू नये.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. दुबईत, देऱ्यातल्या एका शिपिंग कंपनीत आम्ही बरोबर नोकरीला होतो. ते डॉक्युमेंटेशन बघायचे, मी अकाउंट्स. दुबईला यायच्या आधी त्यांनी पुण्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं आणि ते शिकवणं त्यांच्या अंगातून काही गेलं नव्हतं. जहाजावरच्या मालाचे कागद तपासतानासुद्धा मधेच पेन्सिल खाली ठेवून म्हणायचे, "हे वाक्य लिहिणाऱ्याला कान आहेत की नाही?" सगळं ऑफिस त्यांना मास्टर म्हणायचं. मी मराठी, म्हणून माझ्या तोंडी मास्तर.

राहायचो आम्ही शारजाला, अल मजाजमध्ये, एकाच बिल्डिंगीत. त्यामुळे मी त्यांच्याच गाडीतून ऑफिसला जायचे. इथे याला कारलिफ्ट म्हणतात. मागच्या सीटवर बिजू असायचा, आमचा केरळचा सहकारी. तो बसल्याबसल्या झोपायचा आणि ऑफिसच्या दारात जागा व्हायचा, त्यामुळे वर्गात विद्यार्थी म्हणाल तर मी एकटीच. वर्ग म्हणजे इत्तिहाद रोड. सकाळच्या वेळी शारजाहून दुबईकडे निघालेल्या गाड्या त्या रस्त्यावर नुसत्या उभ्या असतात. लोक तिथे दाढी करतात, पराठे खातात, घरच्यांशी भांडण मिटवतात. मास्तर काव्यशास्त्र शिकवायचे.

त्यांचं दैवत एकच. दोनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज कवी, डोंगरात, तळ्यांच्या काठी राहणारा. त्याचं नाव घेण्यापेक्षा त्याला 'तळ्याकाठचा' म्हणायला मास्तरांना आवडायचं, जसं आपण बायका नवऱ्याचं नाव घ्यायचं टाळतो तसं. आणि आमच्या बिल्डिंगीसमोर खालिद लगून, म्हणजे तळंच. "तोही तळ्याकाठी, मीही तळ्याकाठी," मास्तर म्हणायचे. "त्याच्या तळ्यात कारंजं नव्हतं, एवढाच काय तो फरक."

तळ्याकाठच्याचा सिद्धांत ते दोन कलमांत सांगायचे. एक, कविता नटव्या भाषेत लिहू नये, माणसं एकमेकांशी खरोखर बोलतात त्या बोलीत लिहावी. दोन, भावना उसळली की लगेच कागद ओढू नये. तिला जाऊ द्यावं, निवू द्यावं आणि पुष्कळ दिवसांनी निवांत बसून परत बोलवावं. परत आली तर कविता.

"आणि नाही आली तर?" मी विचारलं.

"तर ती भावना नव्हती. ॲसिडिटी होती."

हे सांगताना त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटायचे. मागचा हॉर्न वाजवायचा आणि 'यल्ला', म्हणजे चल लवकर, असं ओरडायचा. मास्तर आरशात बघून त्याला मराठीत समजवायचे, "अरे यल्ला यल्ला काय करतोस, इथे व्याख्या चाललीय." मला हसू यायचं, पण खरं सांगते, अंगात एक तरतरीही यायची. चाळिशी ओलांडलेली मी बाई, सकाळी साडेसातला व्हॅटच्या फायली डोक्यात घेऊन निघणारी, आणि दुबईत शिरेपर्यंत कविता म्हणजे काय यावर तावातावाने वाद घालत असायचे. कॉलेजात असताना मला कोणी असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेलेच नसते.

दुसऱ्या कलमासाठी त्यांच्याकडे खास देशी भाषांतर होतं. "भावना म्हणजे कैरी," ते म्हणायचे. "कापल्याबरोबर खाल्लीस तर दात आंबतात. मीठ लाव, बरणीत भर, फडक्याने तोंड बांध आणि विसरून जा. मुरू दे." मग माझ्याकडे बघून, "तू कच्च्या कैरीवाली." ते खरंच होतं. मी सगळं ताजं ताजं बोलून मोकळी होणारी. ते मात्र स्वतःच्या घरातसुद्धा बरण्या भरत बसायचे. त्यांना बढती मिळाली त्या दिवशी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हौसेने बासुंदी केली, तर हे म्हणाले, "आनंद झालाय, पण आत्ता नको. ठेवून देऊ." वहिनींनी बासुंदी खालच्या मजल्यावर आमच्याकडे पाठवली.

कविता करायची ती चालत चालत, असाही एक पोटनियम होता, कारण तळ्याकाठचा मैलोनमैल चालत असे. थंडीच्या दिवसांत मास्तर लगूनला फेऱ्या मारायचे, ओठ हलवत, बोटांवर मात्रा मोजत. मुलं सायकली वळवून बाजूला व्हायची. उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून ते मॉलमध्ये चालायचे. चपलांच्या दुकानापासून फूड कोर्टापर्यंत आणि परत, कुठेही न बघता. एकदा सिक्युरिटीवाल्याने अडवलं. "सर, कुछ ढूंढ रहे हैं क्या?" मास्तर म्हणाले, "हां भाई, एक शब्द. छोटासा है." त्या भल्या माणसाने त्यांना हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर नेऊन सोडलं. हे मला मास्तरांनीच सांगितलं, आणि सांगताना तक्रार एवढीच होती की शब्द तिथेही नव्हता.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो, आता पीडीएफवर. कवितांचं खातं मास्तरांकडे. कविता पाठवताना खाली लिहायचं, प्रसंग कधीचा. ज्या साली आमच्याकडे तो प्रचंड पाऊस झाला, अल मजाजचे रस्ते पाण्याखाली गेले आणि लोक पाण्यावर तरंगत्या गादीवर बसून ग्रोसरीत दूध आणायला गेले, त्या आठवड्यात मास्तरांच्या ईमेलवर कवितांचा दुसरा पूर आला. अजून लिफ्ट चालू झाल्या नव्हत्या, पण कविता तयार. मास्तरांनी सगळ्या परत केल्या. एका बाईंनी 'हे मेघराजा' म्हणून सुरुवात केली होती. त्यांना मास्तरांनी माझ्यासमोर फोन लावला.

"ताई, पाणी चढताना तुम्ही गॅलरीत होतात ना? तेव्हा तुम्ही मेघराजा म्हणालात का?"

"नाही हो. तेव्हा कोण म्हणतंय."

"मग काय म्हणालात?"

"मिस्टरांना म्हणाले, अहो, आपली गाडी बेसमेंटला आहे ना?"

मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. "हे लिहा ताई. हेच. पण पुढच्या वर्षी."

बाईंनी मनाला लावून घेतलं असेल असं मला वाटलं. पण पुढच्या वर्षी खरंच त्यांची कविता आली. अंधाऱ्या जिन्यातून नवरा-बायको एकमेकांचा हात धरून खाली उतरतात, लग्नानंतर कित्येक वर्षांनी असा हात धरलेला, आणि खाली पोहोचल्यावर पाणी दिसतं तेव्हा हात सोडायचं दोघंही विसरतात. साध्या घरगुती बोलण्यात लिहिलेली. मास्तरांनी ती सिग्नलला वाचून दाखवली आणि माझ्या अंगावर काटा आला. सिद्धांत चालतो, हे मला त्या सिग्नलला पटलं. मी दिवसभर ऑफिसमध्ये ज्याला त्याला ती कविता हिंदीत सांगत सुटले होते.

मग मी एक चूक केली. विचारलं, "मास्तर, तुमची एखादी म्हणा ना."

त्यांनी घसा साफ केला. गाडी थांबलेलीच होती. डोळे मिटून त्यांनी सुरू केलं, "हे नीलसरोवरा, तव जलदर्पणी विरघळे विरहव्याकुळ शशांकबिंब..."

मागून बिजू जागा झाला. "सार, आज कोई पूजा है क्या?"

मला हसू आवरेना. मास्तरांनी डोळे उघडले. इतरांसाठी बोलीभाषेचा आग्रह धरणारा हा माणूस स्वतः लिहायला बसला की जरीची पगडी घालून बसायचा. मी तसं म्हटल्यावर त्यांना राग आला नाही. "तळ्याकाठच्यानेही स्वतःचे नियम पुष्कळदा मोडलेत," ते म्हणाले. "डॉक्टर सिगरेट ओढतो म्हणून औषध खोटं ठरत नाही." पण नंतर देऱ्यापर्यंत त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

आता सईचं सांगते. सई ही त्यांची एकुलती एक मुलगी, जन्मलेली इथलीच. शाळेत जाईपर्यंत ती स्वच्छ मराठी बोलायची म्हणे. मी तिला ओळखायला लागले तोवर ती इथल्या सगळ्या मुलांसारखी झाली होती. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. "सई, जेवलीस का गं?" "हॅड अ सँडविच, बाबा." समजायचं सगळं, पोरगी गोड आणि बापावर जीव टाकणारी. फक्त बापाने कविता काढली की तिचा अंगठा फोनवर सरकायला लागायचा. "बाबा, इट्स नाइस. इज देअर मोअर?" हे 'मोअर' भीतीने विचारलेलं असायचं.

बारावी झाली आणि सईला कॅनडात प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये निघायचं. इथली मुलं अशीच जातात. आईबापांच्या व्हिसावर वाढतात आणि एक दिवस तिसऱ्याच देशाला निघतात, मग या गावाशी त्यांचं नातं काय, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. एका सकाळी गाडीत वर्ग भरलाच नाही. शेवटी मीच विचारलं, बरं आहे ना?

"तिला जाताना माझी एक कविता द्यायची आहे," ते म्हणाले. "एकच. तिने ती फोन बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकावी. एवढं झालं की खलास, पुन्हा एक ओळ लिहिणार नाही. पण हे नाही झालं ना, तर इतकी वर्षं मी या गाडीत बसून नुसती बडबड केली असं होईल."

मी म्हटलं, "लिहा की मग."

"कशी लिहू? ती जाणार हे कळून महिना नाही झाला. अजून सगळं कच्चं आहे. नियमाने लिहायची तर पुढच्या ऑगस्टला होईल. तोवर ती जाऊन वर्ष झालेलं असेल."

मला सांगायला हरकत नाही, मला त्या माणसाची तेव्हा फार दया आली. स्वतःच बांधलेल्या घरात त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं होतं.

तरी त्यांनी लिहिली. जूनमध्ये, उन्हाने गाडीचा डॅशबोर्ड तापलेला असताना, त्यांनी ती मला म्हणून दाखवली. "हे कन्यके, गगनविहारिणी, पंख तव..." मी ऐकत राहिले. शेवट आला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत विचारलं, "कशी आहे?"

दुसरी कोणी असती तर छान म्हणाली असती. मी कच्च्या कैरीवाली. "मास्तर, ही भाषा तुमच्या घरात कोण बोलतं?"

गाडी चालत राहिली आणि माझ्या डोळ्यांसमोरून आमचा देऱ्याचा एक्झिट निघून गेला. दुबईत एक्झिट चुकणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मागे फिरता येत नाही. आम्ही सरळ खाडीवरच्या पुलावर चढलो, टोलची कमान आली आणि नेमका तेव्हाच बिजू उठला. "सार, हम कहां जा रहे हैं?" मग त्याने मागे वळून कमान बघितली. "चार दिरहम गया," तो स्वतःशीच म्हणाला, "सौ रुपया," आणि पुन्हा झोपला.

पूल उतरल्यावर मास्तर म्हणाले, "कोणीच नाही."

"काय?"

"घरात. कोणीच बोलत नाही असं. मीसुद्धा नाही. मी तिला असं म्हणतो, सई, चार्जर घेतलास का? सई, केस वाळव. आणि कविता लिहायला बसलो की कन्यके."

मला एकदम काहीतरी सुचलं आणि सुचलं ते तोंडातून बाहेरच पडलं. "मास्तर, ती चाललीय त्याच्यावर लिहूच नका. ती आत्ताची कैरी आहे. जुनी बरणी काढा. तिच्या लहानपणीचं काहीतरी असेल की, पंधरा वर्षं मुरलेलं. तुमच्या नियमात बसतं. तळ्याकाठचासुद्धा हेच म्हणाला असता."

ते माझ्याकडे बघायला लागले. मी ओरडले, समोर बघा. त्यांनी समोर बघितलं आणि यू-टर्न शोधत शोधत, त्या अनोळखी रस्त्यावर, मला लिफ्टची गोष्ट सांगितली.

सई तेव्हा तीन वर्षांची होती. दोघं खाली ग्रोसरीत ब्रेड आणायला निघाले होते. मास्तर दाराला कुलूप लावत होते तेवढ्यात लिफ्ट आली, पोरगी उड्या मारत आत शिरली, तिने एक बटण दाबलं आणि दार बंद झालं. बाप बाहेर, मुलगी आत. मास्तर जिन्याने धावले. प्रत्येक मजल्यावर बटण दाबायचे, दार उघडलं की आत परकी माणसं. खाली गेले, वर आले, पुन्हा खाली. शेवटी तळमजल्यावर उभे होते, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि समोर दार उघडलं. सई उभी होती. रडत नव्हती. चांगली रागावलेली होती. म्हणाली, "बाबा, तू कुठे गेला होतास?"

"मी अख्खी बिल्डिंग पालथी घातली," मास्तर म्हणाले. "आणि तिच्या हिशेबाने हरवलो होतो मी."

"हे तुम्ही कधीच लिहिलं नाहीत?"

"लिहीन कसा? तुझ्या वहिनीला सांगितलं नाही अजून. जीव घेतला असता तिने माझा."

ऑफिसला आम्ही फार उशिरा पोहोचलो. मला काहीही वाटलं नाही. लिफ्टमधून वर जातानासुद्धा मी दाराकडे बघत होते.

पुढचे काही आठवडे आमच्या गाडीत त्या कवितेशिवाय दुसरं काही नव्हतं. मास्तर रोज दोन ओळी आणायचे. जुनी खोड सुटत नव्हती. एकदा लिफ्टच्या दाराला त्यांनी 'लोहकपाट' केलं. मी नुसतं "मास्तर" म्हटलं. "बरं, दार," ते म्हणाले. मग शेवटी त्यांना आयुष्यावरचं एक कडवं जोडायचं होतं, लिफ्ट म्हणजे जीवन वगैरे. मी म्हटलं, ते कडवं आलं की सई फोन उचलणार. ते रागावले. दोन दिवस त्यांनी गाडीत रेडिओ लावला, मल्याळम स्टेशन, म्हणजे मला मुद्दाम काही कळू नये. बिजूला मात्र आनंद झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "कापलं ते कडवं. दुखलं, पण कापलं."

सई निघायच्या आदल्या शनिवारी त्यांच्याकडे जेवण होतं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, पाहुणी म्हणून मी एकटी. सईच्या बॅगा हॉलमध्ये उघड्याच पडल्या होत्या. जेवणं झाल्यावर मास्तर उभे राहिले. घरात उभं राहून कविता म्हणायची त्यांना सवय होती, त्यामुळे वहिनींनी लगेच ताटं उचलायला घेतली.

"बाबा," सई म्हणाली, "इज इट लाँग?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढला. फोन सईच्या मांडीवर होता, अंगठा त्यावर.

त्यांनी म्हटली ती अशी:

लिफ्टचं दार बंद झालं.
तू आत, मी बाहेर.
मी जिन्याने धावलो.
दुसरा मजला. तू नाहीस.
पाचवा मजला. तू नाहीस.
शेजारच्या काकूंनी विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही, व्यायाम.

मग सगळ्यात खाली आलो.
दार उघडलं.
तू उभी. एक चप्पल पायात, एक हातात.
मलाच रागावून म्हणालीस,
बाबा, तू कुठे गेला होतास?

'व्यायाम'ला सई फसकन हसली आणि हसताना फोन मांडीवरून गालिच्यावर घसरला. तिने तो उचलला नाही. शेवटच्या ओळीनंतर पहिल्यांदा आवाज आला तो स्वयंपाकघराच्या दारातून.

"लिफ्टमध्ये एकटी?" वहिनी हातात ताटं घेऊन उभ्या होत्या. "एवढीशी पोर? आणि हे मला आज सांगताय तुम्ही?"

"अगं, मुरायला नको?" मास्तर म्हणाले.

सई बापाकडे बघत होती. "आय सेड दॅट? इन मराठी?"

"पूर्ण मराठीत."

"सेंड इट टू मी, बाबा." मग पुन्हा, "नाऊ. प्लीज."

मास्तरांनी लगेच पाठवली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं इतके ते खूश होते. मी जिना उतरून घरी आले, लिफ्टसाठी थांबायला धीर नव्हता, आणि आल्याआल्या बहिणीला फोन लावला. पुढचे दिवस गाडीत मास्तर मधेच म्हणायचे, "शेवटपर्यंत ऐकलं तिने." मी म्हणायचे, "ऐकलं." पाच मिनिटांनी पुन्हा, "फोन खाली पडला, पण उचलला नाही." मी म्हणायचे, "नाही उचलला." असं आम्ही देऱ्यापर्यंत जायचो.

निघायच्या दिवशी दुपारचं विमान होतं. मास्तरांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. ते माझ्या शेजारी बसले, मागे वहिनी आणि सई. वाटेत त्यांनी सगळ्यांना सूचना दिली. "आज कोणी रडायचं नाही. आज फक्त नीट बघून घ्यायचं. रडायचं ते पुढच्या वर्षी."

"बाबा, यू आर सो वीअर्ड," सई मागून म्हणाली आणि तिने पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. ती तशीच विमानतळापर्यंत होती.

मी पार्किंगपासूनच रडत होते. वहिनी सईला सोडत नव्हत्या. मास्तर मात्र पासपोर्ट, बोर्डिंग पास, चार्जर, जॅकेट असं एकेक विचारत उभे होते, नीट बघून घेत असल्यासारखे. मग सई रांगेत गेली. आपल्याला तिथून पुढे जाता येत नाही. रांग वळत वळत पुढे सरकली आणि अगदी शेवटच्या वळणावर सईने मागे वळून हात हलवला. वहिनींनी हलवला, मी हलवला. सई अजून शोधतच होती. मी बाजूला बघितलं तर मास्तर नव्हते.

मागे एक जाडजूड चकचकीत खांब होता. त्याला कपाळ टेकून ते रडत होते. हुंदके देऊन, लहान मुलासारखे, आवाजाची पर्वा न करता. एवढ्या वर्षांच्या सगळ्या बरण्या एकदम फुटल्या होत्या. मी जवळ गेले पण काय बोलायचं ते मला सुचेना, आणि मला न सुचणं ही मोठीच गोष्ट आहे.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी काढला, पण चष्मा ओला, दिसेना, म्हणून माझ्या हातात दिला. सईचा मेसेज होता. अक्षरं इंग्रजी, पण वाक्य पूर्ण मराठी. मी वाचून दाखवलं.

"बाबा, तू कुठे गेला होतास?"

मास्तरांनी फोन माझ्याकडून ओढून घेतला. चष्मा शर्टाला पुसला, लिहायला लागले. मी बाजूने बघत होते. आधी काहीतरी लांबलचक लिहिलं, त्यात 'लेकी' होतं, 'अंतःकरण' होतं. ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग दोन ओळी पाठवल्या.

"इथेच आहे गं.
खांबामागे."

ते खांबामागून धावत बाहेर आले. रांगेच्या पार टोकाला, कितीतरी डोक्यांच्या वर, एक हात उंच झाला होता आणि जोरजोरात हलत होता. मास्तरांनी दोन्ही हात वर केले. तो हात दिसेनासा झाल्यावरही त्यांचे हात बराच वेळ वर होते. शेवटी वहिनींनी ते धरून खाली घेतले.

मास्तर आणि वहिनी त्यानंतर काही महिन्यांनी कायमचे पुण्याला गेले. मी हल्ली बसने जाते, आणि बसमध्ये कोणी व्याख्या सांगत नाही. पण मला सांगायची आहे ती त्या दुपारची परतीची वाट. शारजाकडे वळायचं सोडून मी सरळ पुलावर चढले, या वेळी एक्झिट चुकवणारी मी. टोलची कमान आली आणि गेली. वहिनी मागे झोपल्या होत्या. मास्तर फोन हातात धरून, त्या दोन ओळींकडे बघत बसले होते.

"मास्तर," मी म्हटलं, "ही यंदाच्या अंकाला घेऊ या?"

"कोणती?"

"खांबामागची."

त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला आणि रुमालाने नाक पुसलं.

"वर्षभर थांब," ते म्हणाले. "अजून ओली आहे."